वन्यजीवनाचे छायाचित्रण : साधनांची निवड आणि जपणूक

(वन्यजीव सप्ताहानिमित्त ठाणे येथे शिक्षक, शासकीय अधिकारी व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



रानावनात जाऊन कॅमेऱ्याने पशुपक्षी टिपणे हा हौशी आणि सधन माणसांचा छंद आहे, असा समज सर्वत्र रूढ आहे. तो अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. परंतु आज हा विषय मी छंद म्हणून मांडण्यासाठी उभा राहिलेलो नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समित्या आल्या आणि लोकजैवविविधता नोंदवही तयार करण्याची व ती अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली. या नोंदवहीत आपण लिहितो, ‘गावाच्या रानात घुबड आढळते.’ कोणते घुबड? केव्हा आढळले? कोणत्या झाडावर? या प्रश्नांना नुसत्या शब्दांनी उत्तर देता येत नाही. तेथे छायाचित्र लागते, आणि छायाचित्रासाठी चांगल्या स्थितीत असलेला कॅमेरा लागतो.

हा मुद्दा केवळ तात्त्विक नाही, हे दाखवण्यासाठी रानपिंगळ्याचे उदाहरण देतो. हा लहानसा घुबडवर्गीय पक्षी जेमतेम वीतभर, म्हणजे सुमारे २३ सेंटिमीटर लांबीचा आहे. ॲलन ह्यूम यांनी १८७३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. पुढे राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम ते हेच. खानदेशात अधिकारपदावर असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी १८८४ मध्ये या पक्ष्याचा नमुना मिळवला आणि त्यानंतर तो जणू नाहीसाच झाला. मध्यंतरी रिचर्ड माइनर्ट्झहागन नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातेत हा पक्षी मिळवल्याचे सांगितले व तसा नमुना दाखल केला. त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून अनेकांनी गुजरातेत शोध घेतला. पक्षी कोठेच दिसला नाही. अखेर अमेरिकेतील पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी छाननी करून दाखवून दिले की, तो नमुना जुन्या संग्रहातून चोरून त्यावर खोटे ठिकाण व खोटी तारीख चिकटवलेली होती. मग त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या, खऱ्या ठिकाणांचा माग काढला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये त्या वेळच्या धुळे, आताच्या नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्याजवळ हा पक्षी सापडला. ११३ वर्षांनंतर! या खेपेस कोणी बंदूक चालवली नाही. छायाचित्रे आणि चित्रफीत हाच पुरावा होता.

या कथेचा आपल्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा की, २०१४ मध्ये हाच रानपिंगळा आपल्या तानसा अभयारण्यात आढळला. तानसा म्हणजे शहापूर आणि त्याला लागून असलेला, आता पालघर जिल्ह्यात गेलेला वाड्याकडील मुलूख. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तलावाभोवतीच्या या रानात इतका दुर्मिळ पक्षी राहत असेल, अशी फारशी कोणाची अपेक्षा नव्हती. नेहमीचा पिंगळा आणि हा रानपिंगळा यांत फरक तो कितीसा? नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतात, आणि चोच व पंजे अधिक दणकट असतात. एवढासा फरक केवळ ‘मी पाहिला’ या शब्दांवर कोण मान्य करील? आता तेच छायाचित्र एखाद्याने धुरकट, बुरशी धरलेल्या भिंगातून घेतले असते तर डोक्यावरचे ठिपके आहेत की नाहीत, हे सांगता आले नसते. जी गोष्ट पुन्हा दिसेलच याची शाश्वती नाही, तिची नोंद साधन बिघडल्यामुळे हातची जावी, हे नुकसान रुपयांत मोजण्यासारखे नव्हे.

तेव्हा साधन कोणते घ्यावे, याचा प्रथम विचार करू.

दुकानात गेलेला मनुष्य बहुधा कॅमेऱ्याच्या मुख्य भागाकडे पाहतो. त्यात किती कोटी बिंदू मावतात, चित्रफिती कशा निघतात, याची चौकशी करतो. वन्यजीवनाच्या कामी यापेक्षा महत्त्वाची असते ती लेन्स, म्हणजे भिंगांचा संच. साधा हिशेब पाहा. तोच २३ सेंटिमीटरचा रानपिंगळा आपल्यापासून २० मीटरवर बसला आहे. ३०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या लेन्समधून त्याची प्रतिमा साडेतीन मिलिमीटरच्या आत भरते. मध्यम आकाराच्या संवेदकाची उंची सुमारे १६ मिलिमीटर असते. म्हणजे चित्राच्या उंचीचा पाचवा हिस्सा पक्ष्याने व्यापला. लेन्स ६०० मिलिमीटरची असेल तर तीच प्रतिमा दुप्पट होते. याउलट मोबाइलच्या नेहमीच्या कॅमेऱ्यात तोच पक्षी चित्राच्या उंचीच्या ऐंशीव्या भागाएवढा येतो. मोबाइल कितीही महाग असो, हे गणित फारसे बदलत नाही. पुष्कळांना आपला मोबाइल लांबचे ‘जवळ आणतो’ असे वाटते. बहुतेक वेळा तो फक्त ठिपका मोठा करून दाखवतो.

याचा अर्थ सर्वांनी ६०० मिलिमीटरची लेन्स घ्यावी, असा मुळीच नाही. त्या लेन्सचे वजनच दोन किलोच्या आसपास असते. सकाळच्या गर्दीत डोंबिवलीला गाडीत शिरताना ती सांभाळणे म्हणजे काय, हे येथे बसलेल्या कित्येकांना वेगळे सांगायला नको. शाळेसाठी किंवा ग्रामपंचायतीसाठी माझी शिफारस वेगळी आहे. ज्याची लेन्स बदलावी लागत नाही, एकाच अंगात रुंद दृश्यापासून दूरच्या पक्ष्यापर्यंत सारे टिपता येते, असा ‘सुपरझूम’ वर्गातील कॅमेरा घ्यावा. जाणकार छायाचित्रकार त्याला नाक मुरडतात, आणि मावळतीच्या अंधुक प्रकाशात त्याची चित्रे खरोखरच कमी प्रतीची येतात. पण तो हलका आहे, स्वस्त आहे, आणि लेन्स काढावी-घालावी लागत नसल्याने त्याच्या पोटात धूळ जाण्याचा धोका पुष्कळ कमी आहे. दहा हातांतून फिरणाऱ्या साधनाला हा शेवटचा गुण फार मोलाचा. ज्याला स्वतःच्या हौसेने पुढे जायचे आहे, त्याने मध्यम संवेदकाचा कॅमेरा आणि ७० ते ३०० किंवा १०० ते ४०० मिलिमीटरची लेन्स घ्यावी. सुरुवातीची पाच वर्षे त्यापलीकडे काही लागत नाही.

आणि जेथे काहीच खरेदी करणे शक्य नाही, तेथे? दुर्बिणीच्या नेत्रभिंगाला मोबाइल टेकवून घेतलेले चित्र ओळख पटवण्यापुरते पुष्कळदा चांगले येते. बिबट्याचा किंवा तरसाचा पाऊलठसा टिपण्यासाठी तर मोबाइलच पुरेसा आहे; फक्त ठशाशेजारी पट्टी ठेवावी आणि चित्र बरोबर वरून घ्यावे. पट्टी नसेल तर आगपेटी ठेवावी. माप कळले नाही तर त्या चित्राचा उपयोग अर्धाच राहतो.

एक गोष्ट सर्वच साधनांना लागू आहे. कॅमेऱ्यातील तारीख व वेळ बरोबर लावलेली असावी. रानपिंगळ्याच्या कथेत एका खोट्या चिठ्ठीने शोधकांची कित्येक वर्षे वाया घालवली, हे आपण पाहिले. बॅटरी पूर्ण उतरून महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या कॅमेऱ्याचे घड्याळ बिघडते आणि तो भलतेच वर्ष छापू लागतो. हीदेखील खोटी चिठ्ठीच, फक्त कोणी मुद्दाम लावलेली नाही एवढेच.

लांब लेन्सचा आणखी एक उपयोग आहे आणि तो प्राण्याच्या बाजूचा आहे. लेन्स पुरेशी लांब असली म्हणजे आपल्याला जवळ जावे लागत नाही. २०२४ च्या अखेरच्या दिवशी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे बछडे रस्त्यावर असताना पर्यटकांच्या वाहनांनी दोन्ही बाजूंनी त्यांची वाट अडवली. चित्रे आणि चित्रफिती घेण्याची ती झुंबड पाहून मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली. तेथे असलेल्या माणसांपैकी अनेकांच्या हातात मोबाइल होते. मोबाइलमध्ये वाघ मोठा दिसावा म्हणून गाडी पुढे, आणखी पुढे. ज्याला जवळ गेल्यावाचून चित्र मिळत नाही, त्याने ते चित्र सोडून द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. घरट्यावरच्या पक्ष्याच्या बाबतीत तर यावर वादच नको. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २८ नुसार अभयारण्यात छायाचित्रणासाठी प्रवेशाची परवानगी वनविभाग देतो, ती पाहण्यासाठी व टिपण्यासाठी असते. फांद्या तोडून घरटे उघडे करण्यासाठी नसते. रात्री प्राण्याच्या डोळ्यांवर झोत टाकणे, ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला बाहेर काढणे, हे प्रकारही तितकेच वर्ज्य समजावेत.

आता मी आजच्या भाषणातील मुख्य विषयाकडे येतो. तो म्हणजे आपला पावसाळा.

ठाण्यात वर्षाकाठी सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. कपाटातल्या चपलांवर, चामडी पट्ट्यांवर, पुस्तकांच्या बांधणीवर पांढरी-हिरवी बुरशी येते ती याच काळात. भिंगावर येणारी बुरशी हीच. काचेवर बुरशीला खायला काय मिळते, असा प्रश्न पडेल. बोटाचा तेलकट ठसा, धुळीचा बारीक कण, आतल्या वंगणाचा अंश एवढे तिला पुरते. हवेतील सापेक्ष आर्द्रता ६० ते ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली, अंधार असला आणि हवा खेळती नसली, की कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरू लागतात. प्रारंभी चित्रात काहीच कळत नाही. मग उजेडाकडे रोखलेल्या चित्रांत धुके दिसू लागते. पुढे बुरशीतून स्रवणारी आम्ले काचेवरील लेप खातात, आणि त्यानंतर कारागिराने लेन्स उघडून पुसली तरी डाग राहतोच.

एका शाळेत पाहिलेला प्रकार सांगतो. शाळेचे नाव घेण्याचे कारण नाही. देणगीतून चांगला कॅमेरा आला. जबाबदार मुख्याध्यापकांनी तो चामड्याच्या पेटीत घालून, पेटी कापडात गुंडाळून, लोखंडी कपाटात कुलूपबंद केला. किल्ली स्वतःजवळ ठेवली. चोरीचे भय राहिले नाही. दोन पावसाळ्यांनंतर वनभेटीसाठी कपाट उघडले तेव्हा लेन्समध्ये जाळे धरले होते. यात कोणाचा हलगर्जीपणा नव्हता. उलट काळजीच जास्त झाली होती. चामडे ओलावा धरून ठेवते आणि बुरशीला आवडते. कापडही ओलावा धरते. बंद लोखंडी कपाटात ना उजेड, ना वारा. बुरशीची लागवड करायची म्हणून कोणी ठरवून व्यवस्था केली असती, तरी याहून वेगळी झाली नसती.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. झाकणाला रबराची कडी असलेला, घट्ट बंद होणारा प्लॅस्टिकचा डबा घ्यावा. स्वयंपाकघरात पापड-फरसाण ठेवण्यासाठी असतो तसा, थोडा मोठा. दहा-बारा लिटरच्या डब्यात पाव किलोपर्यंत सिलिका जेल जाळीदार कापडी पुरचुंडीत बांधून ठेवावे. त्यासोबत एक लहान आर्द्रतामापक ठेवावा. त्याचा काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असला म्हणजे काम झाले. तो फार खाली, ३० च्याही खाली गेला तर रबर आणि वंगण सुकते, तेव्हा अतिरेकही नको. कॅमेरा चामडी पेटीतून काढून, पट्टा शक्य तर सोडवून, तसाच डब्यात ठेवावा.

सिलिका जेल ओलावा शोषून भरले की रंग बदलते. निळे असेल तर गुलाबी पडते. अनेक ठिकाणी येथेच घोटाळा होतो. गुलाबी झालेली पुरचुंडी वर्षानुवर्षे तशीच राहते आणि डबा ‘संरक्षित’ असल्याचे समाधान मात्र टिकते. भरलेले सिलिका जेल मंद आचेवर तापवले की ओलावा निघून जातो आणि मूळ रंग परततो. त्यासाठी वेगळा तवा किंवा कढई ठेवावी, स्वयंपाकाची वापरू नये. निळ्या रंगासाठी त्यात कोबाल्टचा क्षार घातलेला असतो आणि तो पोटात जाणे हानिकारक आहे. नारिंगी रंगाचे सिलिका जेल मिळत असेल तर शाळांनी तेच घ्यावे. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पुरचुंडी तपासावी. डांबराच्या गोळ्या मात्र डब्यात टाकू नयेत. त्या कपड्यांतील कसरीसाठी ठीक. त्यांची वाफ भिंगावर थर धरू शकते आणि बुरशीला त्या अटकाव करतील याची खात्री नाही.

पूर्वी कोकणपट्टीतील छायाचित्रकार कपाटात पंधरा वॅटचा दिवा लावून ठेवीत. त्या दिव्याची ऊब कपाट कोरडे ठेवत असे. हल्लीच्या एलईडी दिव्यांत उष्णता फारच थोडी असते, त्यामुळे जुनी युक्ती नव्या दिव्याने साधत नाही, हे लक्षात घ्यावे. ज्यांच्याकडे बरीच साधने आहेत त्यांच्यासाठी विजेवर चालणारी आर्द्रतारोधक कपाटे मिळतात. तालुक्याच्या ठिकाणी दोन-तीन शाळा व पंचायत समिती मिळून एक कपाट ठेवू शकतील, पण जेथे वीज तासन्‌तास जाते तेथे डबाच बरा.

या सर्वांहून स्वस्त उपाय म्हणजे कॅमेरा वापरणे. आठवड्यातून एकदा तो बाहेर काढावा, सकाळच्या उजेडात तासभर ठेवावा, लेन्स मागेपुढे फिरवावी, चार चित्रे घ्यावीत. जे साधन हातात असते त्याला बुरशी सहसा धरत नाही. चित्रे कशाची घ्यावीत? शाळेच्या आवारातल्या दयाळाची, कुंपणावरच्या सरड्याची. गावच्या नोंदवहीचे एकेक पान त्यातून भरत जाते.

पावसात बाहेर पडायचे असेल तर काय करावे, हेही सांगतो. आपल्याकडे लावणीच्या वेळी शेतकरी इरले घेतो. कॅमेऱ्याचे इरले म्हणजे जाड प्लॅस्टिकची पिशवी: तळाला लेन्सच्या आकाराचे भोक पाडून ती लेन्सच्या पुढच्या कडीवर रबराने बांधावी आणि मागच्या बाजूने हात आत घालावा. लेन्सच्या तोंडाशी बसणारी झडप, जिला ‘हूड’ म्हणतात, ती कायम लावून ठेवावी. पावसाचे थेंब, झाडाच्या फांद्या आणि बोटे या तिन्हींपासून ती भिंगाला वाचवते. वातानुकूलित कचेरीतून किंवा गाडीतून कॅमेरा एकदम दमट हवेत आणला तर थंड काचेवर दव धरते. अशा वेळी तो बाहेर काढण्यापूर्वी प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून अर्धा तास तसाच राहू द्यावा. दव पिशवीवर धरते, काचेवर नाही. दव धरलेच तर पुसत बसू नये, आणि त्या अवस्थेत लेन्स तर मुळीच काढू नये.

आता खाडीकडे वळू. ठाणे खाडीचा सुमारे १६९० हेक्टरांचा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. ऐरोली येथील सागरी जैवविविधता केंद्रापासून होडीच्या फेऱ्या निघतात. हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत रोहित पक्ष्यांचे थवे येथे असतात. विद्यार्थ्यांना घेऊन ताडोबाला जाणे प्रत्येक शाळेला परवडणारे नाही. ऐरोली मात्र लोकलच्या अंतरावर आहे, ही आपल्या जिल्ह्याची भाग्याची गोष्ट. फेरीची वेळ घड्याळावर ठरत नाही, भरतीवर ठरते. पौर्णिमा-अमावास्येचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग यांत पाण्याच्या उंचीचा किती फरक पडतो, हे आपल्या कोळी बांधवांना विचारावे. त्यांना कोष्टक पाहावे लागत नाही.

होडीत तिकाटणे नेऊन उपयोग नाही. इंजिनाची थरथर त्याच्या पायांतून थेट कॅमेऱ्यात पोहोचते. कोपरे अंगाशी धरून हातानेच चित्र घ्यावे आणि झडपेचा वेग वाढवावा. इंजिन मंद झाले की घाई न करता दोन क्षण थांबावे. खाडीची हवा खारी आहे, आणि मीठ ओलावा ओढून घेते, म्हणून घरी आल्यावर त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी नव्हे, स्वच्छ गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने कॅमेऱ्याचे बाह्यांग पुसावे, लगेच कोरड्या कापडाने टिपावे आणि मगच डब्यात ठेवावे. मिठाचा कण भिंगावर असेल तर तो आधी फुंकणीने उडवावा. फुंकणी म्हणजे रबरी फुग्याची. तोंडाने फुंकू नये, कारण तोंडच्या वाफेबरोबर थुंकीचे कण जातात. फुंकणीनंतर मऊ कुंचला आणि अगदी शेवटी भिंगासाठीचे मऊ कापड, हा क्रम. सदऱ्याचे टोक, पदर किंवा रुमाल यांनी काच पुसण्याची आपली सवय चश्म्यापुरती ठेवावी.

विदर्भाकडे जाणाऱ्यांसाठी थोडे सांगून हा भाग संपवतो. ताडोबा हे १९५५ मध्ये घोषित झालेले आपल्या राज्यातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. कल्याणहून रात्रीच्या गाडीने निघणारी पुष्कळ मंडळी तेथे एप्रिल-मेमध्ये जातात, कारण तेव्हा पाणवठ्यावर वाघ दिसण्याचा संभव जास्त. तेव्हाच तेथे ४५ अंशांपर्यंत तापमान आणि कच्च्या रस्त्यांचा फुफाटा असतो. येथे शत्रू ओलावा नाही, धूळ आहे. उघड्या गाडीत लेन्स बदलू नये; दोन लेन्स असतील तर सकाळी निघतानाच कोणती लावायची ते ठरवावे. गाडी चालू असताना कॅमेऱ्यावर उशीचा स्वच्छ अभ्रा चढवून ठेवावा, याहून सोयीचे आच्छादन मला माहीत नाही. तिकाटण्याऐवजी मांजरपाटाची एक शिवलेली पिशवी न्यावी, ती मुक्कामी पोहोचल्यावर किराणा दुकानातून मूग किंवा तांदूळ घेऊन भरावी आणि गाडीच्या कठड्यावर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवावी. परतताना मुगाची उसळ करता येते, हा जादा लाभ. कॅमेरा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये. रेल्वेत तो उशाशी असावा आणि पिशवी अशी असावी की आत कॅमेरा आहे हे वाचता येऊ नये. कोणत्या प्रकल्पात मोबाइल नेण्यास मनाई आहे, कोणत्या दिवशी उद्यान बंद असते, हे निघण्यापूर्वी वनविभागाकडे विचारून घ्यावे.

याच संदर्भात आपल्या शेजारच्या येऊरच्या रानात, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, बिबट्यांच्या अभ्यासासाठी लावले जाणारे स्वयंचलित कॅमेरे उल्लेखनीय आहेत. प्राणी समोरून गेला की कॅमेरा आपोआप चित्र घेतो. बिबट्याच्या दोन अंगांवरचे ठसे सारखे नसतात, आणि कोणत्याही दोन बिबट्यांचेही सारखे नसतात. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर एकेक कॅमेरा लावतात आणि प्रत्येक जनावर वेगळे ओळखतात. हे कॅमेरे रात्रंदिवस जंगलात असतात. त्यांची राखण कशी होते? रबरी कडीची पेटी आणि आत सिलिका जेलची पुडी. आपल्या डब्याचेच तत्त्व. मुंग्या त्यात घर करू नयेत म्हणून ते वरचेवर उघडून पाहतात, आणि साखळीने झाडाला कुलूपबंद करतात.

अधिकारी वर्गासाठी दोन शब्द. कॅमेरा जडवस्तू संग्रह नोंदवहीत ‘कॅमेरा, नग १’ एवढ्यावर दाखल होतो. अंगाचा आणि लेन्सचा अनुक्रमांक वेगवेगळा लिहावा, तोच बिलावरही घ्यावा. चोरी झाल्यास पोलिसांना आणि विमा कंपनीला तो लागतो. वार्षिक पडताळणी ३१ मार्चच्या सुमारास होते आणि नग एक आहे एवढे पाहून सही होते. माझी सूचना आहे की कॅमेऱ्याची पडताळणी जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, अशी दोनदा व्हावी आणि ती करणाऱ्याने लेन्स उजेडाकडे धरून आत पाहावे. बुरशी दिसलीच तर ती लेन्स ताबडतोब इतर साधनांपासून वेगळी ठेवावी आणि माहितगार दुरुस्तीकाराकडे पाठवावी. सुरुवातीची बुरशी काढता येते. वर्ष लोटल्यावर बहुधा येत नाही. खरेदी करताना दुरुस्तीची सोय मुंबई-ठाण्यात आहे की नाही, हे किमतीइतकेच काळजीपूर्वक पाहावे. आणि मंजूर रकमेतील दहावा हिस्सा डबा, सिलिका जेल, फुंकणी, जादा बॅटरी व जादा स्मृतिपत्र यांसाठी आधीच राखून ठेवावा. नंतर त्यासाठी वेगळी टिप्पणी मांडायची म्हटली तर पावसाळा उलटून जातो.

चित्रे घेऊन आल्यावर ती त्याच आठवड्यात दोन ठिकाणी उतरवून ठेवावीत: एक प्रत शाळेच्या संगणकावर, दुसरी वेगळ्या इमारतीत, शक्यतो ग्रामपंचायतीच्या कार्यालयात. प्रत्येक चित्राखाली ठिकाण, तारीख आणि टिपणाऱ्याचे नाव असावे. पक्ष्याचे नाव मराठीत लिहिताना अडल्यास मारुती चितमपल्ली यांचा पक्षिकोश पाहावा. नाव निश्चित कळले नाही तर ‘ओळख पटली नाही’ असेच लिहावे. कोरी जागा पुढे कोणी भरील, चुकीचे नाव खोडून काढणे अधिक कठीण असते.

समोरच्या टेबलावर तसा एक डबा, दोन रंगांचे सिलिका जेल, आर्द्रतामापक आणि बुरशी धरलेली एक जुनी लेन्स मांडून ठेवली आहे. ती लेन्स खिडकीच्या उजेडाकडे धरून प्रत्येकाने एकदा आत पाहावे. डाव्या कडेने दुसऱ्या भिंगावर जाळे दिसेल. ज्यांना ऐरोलीच्या फेरीला यायचे आहे त्यांनी आपली नावे संयोजकांकडे द्यावीत. भरतीची वेळ पाहून निघण्याची वेळ कळवण्यात येईल.